श्वासाचे आजार आणि घरची परिस्थिती: वाचकांची पत्रे, आमची उत्तरे

पावसाळ्याच्या तोंडावर श्वसनाच्या आजारांविषयी प्रश्न मागवले होते. वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाचकांनी पत्रं पाठवली. बहुतेक पत्रांत आजाराचं नाव एका ओळीत संपतं. पुढचं सगळं पैशाबद्दल, अंतराबद्दल, बुडणाऱ्या मजुरीबद्दल आणि चुलीबद्दल आहे. आमच्या मते प्रश्न नेमका तिथेच आहे. दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार), क्षय, न्यूमोनिया या सगळ्यांवर उपचार आहेत. तरी त्यांनी माणूस दगावतो की नाही, हे पुष्कळदा दवाखान्याची पायरी चढण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून उत्तरंही त्याच बाजूने दिली आहेत.

प्रश्न: माझी आई ६२ वर्षांची आहे. जन्मात कधी बिडी ओढली नाही. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलं. घरात सगळे म्हणतात, ‘धाप लागता ती वयाची.’ गॅस आहे, पण पेज आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच होतं. चूल पूर्ण सोडणं परवडत नाही. काय करावं? (एक वाचक, देवगड)

वयाने चाल मंदावते, हे खरं. पण विहिरीवरून हंडा आणताना दोनदा टेकावं लागणं, बोलता बोलता वाक्य तुटणं, वर्षातले तीन-तीन महिने सकाळी खोकून कफ पडणं, ही वयाची लक्षणं नव्हेत. सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुफ्फुसातले वायुकोश फाटत जातात. छातीच्या एक्स-रेत हा आजार सुरुवातीला दिसत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात आणि किमान सहा सेकंद फुंकर मारायची तपासणी करावी लागते. आईंची ती झाली नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करून घ्या. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस या तिन्ही ठिकाणी आता अशी महाविद्यालयं आहेत.

बिडी न ओढता हा आजार होतो तो धुरामुळे. आणि कोकणातल्या बाईचा धूर स्वयंपाकापुरता नसतो. पहाटे न्हाणीत सोडणं (नारळाची सालं) आणि चुडतं (सुक्या झावळ्या) घालून पाणी तापवायचं, मग पेज, दुपारचा भात, तिन्हीसांजेला गोठ्यात डासांसाठी धुरी. उन्हाळ्यात तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) राब भाजायचा. भात उकडायचे दिवस आले की चुलवणासमोर अख्खा दिवस. त्यात तव्यावर मशेरी भाजली जात असेल तर तोही धूर छातीतच जातो. सीओपीडीने सत्तरीच्या आत होणाऱ्या मृत्यूंपैकी जगभरात जवळजवळ ९० टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तिथे तंबाखूच्या जोडीला चुलीचा आणि कामावरच्या धुळीचा वाटा मोठा आहे.

आता खर्चाचं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि जोडणी घरोघर पोचली, पण सिलिंडर पुन्हा भरून घेणं मागे राहिलं. चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर १४.२ किलोचे साधारण आठ ते दहा सिलिंडर वर्षाला लागतात. उज्ज्वलाच्या घरांची देशातली सरासरी २०१९–२० मध्ये तीन होती, २०२४–२५ मध्ये ती साडेचारच्या आसपास आली. उरलेलं काम चूलच करते.

म्हणून एक बदल आधी करा, त्याला जास्तीचे पैसे जवळजवळ लागत नाहीत. बहुतेक घरांत गॅस चहाला आणि पाहुण्यांना, चूल पेजेला आणि पाण्याला, अशी वाटणी असते. ती उलटी करा. चहाला पाच मिनिटं लागतात, उकड्या तांदळाच्या पेजेला पाऊण तास. छातीत किती धूर गेला हे चुलीसमोर बसण्याच्या वेळेवर ठरतं, तेव्हा जास्त वेळाचं काम आधी धुरातून बाहेर काढायचं. तांदूळ चार तास भिजवून कुकरला लावले तर गॅस फार जळत नाही. वीज बरी असेल तर ७०० वॉटच्या इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये एका वेळची पेज साधारण अर्ध्या ते पाऊण युनिटमध्ये होते. कोकणातलं पाणी मुळात थंडगार नसतं, त्यामुळे २० लिटरची बादली तापवायला हीटरच्या रॉडला साधारण ०.४ युनिट पुरतं. रॉड लावायचा तर अर्थिंग तपासून घ्या, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नका.

चूल राहणारच असेल तर धुराडं नीट बसवा. पत्र्याची चार इंची नळी, शक्यतो सरळ उभी, कौलांच्या मगरीपेक्षा (छपराच्या सर्वांत उंच कडेपेक्षा) किमान दोन फूट वर, आणि वर पावसासाठी टोपी. हमखास होणारी चूक म्हणजे नळी आडवी नेऊन पागोळ्यांखाली सोडणं. समुद्राकडचा वारा सुटला की सगळा धूर उलटा घरात येतो. दुसरी चूक काजळीची. महिन्यातून एकदा नळीतून फडकं बांधलेली काठी फिरवली नाही तर दोन पावसाळ्यांत ती अर्धी बुजते. लाकडं मनगटाएवढी फोडून माघ-फाल्गुनातच आडोशाला, जमिनीपासून वर रचा. ओलं लाकूड आणि ओली सोडणं जळत कमी, धुमसत जास्त, आणि धुमसण्याचा धूर सर्वांत वाईट.

डासांच्या धुरीऐवजी मच्छरदाणी लावा. कॉइलही नको. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके भरतात, हे २००३ साली मोजून प्रसिद्ध झालेलं आहे.

आणि सगळ्यात आधी, चुलीसमोर आईंच्या जागी घरातलं दुसरं कोणी बसू शकेल का ते पाहा. सून किंवा लेक बसवली तर आजार पुढच्या पिढीकडे जातो. पाणी तापवायचं काम घरातल्या पुरुषांनी, न्हाणीबाहेर उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून करावं. फुंकणीने तोंड लावून विस्तव फुलवणं सगळ्यांनीच बंद करावं.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, आंब्याच्या बागेत मजुरीला जातो. दमा आहे. धाप वाढली की इंजेक्शन घेऊन येतो, दोन दिवसांत कामावर. डॉक्टरांनी रोजचा पंप (इनहेलर) लिहून दिलाय. तो म्हणतो, एकदम तेवढे पैसे नाहीत आणि पंपाची सवय लागते. (एक वाचक, लांजा)

पंपाची सवय लागत नाही. दमा दीर्घकाळ राहतो म्हणून औषधही दीर्घकाळ लागतं. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही.

पैशाचं मात्र खरं आहे, आणि दम्याने माणसं का मरतात याचं उत्तरही त्यातच आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आजार इथे फारसा वेगळा नाही, औषध घेण्याची रीत वेगळी आहे. आठवड्याच्या मजुरीवर घर चालवणाऱ्याला इंजेक्शनची फी एका वेळी परवडते, महिन्याचा पंप परवडत नाही. इंजेक्शनने नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात. आतली सूज तशीच राहते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भडकते, आणि एखाद्या रात्री इतकी भडकते की इंजेक्शनपर्यंत पोचता येत नाही.

पंप दोन तऱ्हेचे असतात. सॅल्ब्युटामॉलचा, बहुधा निळा, तात्पुरता आराम देतो. बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असलेला पंप सूज कमी ठेवतो, आणि मृत्यू टाळतो तो हाच. दमेकऱ्याने फक्त निळ्या पंपावर राहू नये, असं २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट सांगतात. श्वासातून जाणाऱ्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. वारंवार घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांतून त्याच्या कितीतरी पट स्टेरॉइड अंगात जातं, त्यातून साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आता पैसे कसे वाचवायचे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधांपर्यंत सगळं मोफत आहे. सॅल्ब्युटामॉल, बुडेसोनाइड, आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हा जोडपंप, तिन्ही २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा नसेल तर केसपेपरवर ‘उपलब्ध नाही’ असं लिहून मागा आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. बाहेरून घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांकडून कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड जपून ठेवाच, पण ते दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. महिन्याचा पंप त्यातून मिळत नाही. अत्यवस्थ झाल्यावर पाच लाखांपर्यंत उपचार मोफत आणि अत्यवस्थ होऊ नये म्हणून लागणारा पंप स्वतःच्या खिशातून, ही धोरणातली मोठी चूक आहे, आणि ग्रामसभेपासून आमदारांपर्यंत सगळीकडे ती बोलून दाखवली पाहिजे.

पंप फुकट जाण्याचं दुसरं कारण पद्धत. नुसता तोंडात मारला तर बरंचसं औषध घशाला चिकटतं. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, हवी. विकतचा स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा चालतो. मुलांमध्ये तो विकतच्या स्पेसरइतकाच काम करतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या १९९९ च्या अभ्यासात दिसलं होतं. बाटलीच्या बुडावर पंपाचं तोंड ठेवून पेनाने रेघ मारा. तेवढ्याच आकाराची तार वाकवून तापवा आणि रेघेवर दाबून भोक पाडा. पंप घट्ट बसला पाहिजे, कडेने फट राहिली तर चिकटपट्टी लावा. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बाटली बुडवून काढा आणि न पुसता, न विसळता वाळू द्या. पुसली की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं. फक्त तोंडाला लागणारा गळा साध्या पाण्याने धुवा.

वापरताना पंप हलवा, बुडातल्या भोकात बसवा, बाटलीचा गळा ओठांत घट्ट धरा, एकच फवारा मारा आणि पाच-सहा श्वास सावकाश घ्या. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. दोन फवारे एकदम मारू नयेत. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. निळ्या पंपावर २०० फवारे लिहिलेले असतात. मोजणी नसेल तर घेतल्याची तारीख पंपावरच लिहा. २०० नंतरही फुसफुस आवाज येतो, पण त्यात औषध नसतं.

कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र असेल तर कोकणात एक काळजी जास्तीची. पावसाळ्यातल्या दमट हवेत कॅप्सूल मऊ पडते, नीट फुटत नाही आणि भुकटीचे गोळे होतात. डबी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ऐन वेळी एकच कॅप्सूल काढा. ती गिळायची नाही. गिळणारे बरेच आहेत.

भावाने औषध फवारणीचा पंप पाठीला लावू नये आणि फवारणी चालू असताना बागेत थांबू नये. आंब्याच्या पेटीत घालायचा पेंढा बुरसटलेला असेल तर भरणीचं कामही त्याला नको. मृगाआधी दोन महिन्यांचे पंप घरात आणून ठेवा. अचानक दम लागला तर निळ्या पंपाचे चार फवारे, एकेक करून, स्पेसरमधून. वीस मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार आणि लगेच रुग्णालय. वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा गुंगी येत असेल तर वीस मिनिटंही थांबू नका. १०८ ला फोन करताना वाडीचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा आणि गाडी कुठपर्यंत येते ते सांगा, आणि तोवर रुग्णाला आडवा न करता खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत न्या. वाटेतही पंप चालू ठेवा.

प्रश्न: आमच्याकडे चिरेखाणी आणि सिलिका वाळूचं काम दोन्ही आहे. तोंडाला रुमाल बांधून भागतं का? (एक वाचक, कणकवली)

नाही. फुफ्फुसाच्या तळाशी पोचणारे कण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. रुमालातून ते सहज जातात. दिसणारी लाल धूळ रुमालात अडकते आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं.

दोन्ही कामं सारखी नाहीत. जांभ्यात, म्हणजे चिऱ्याच्या दगडात, मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, मोकळी सिलिका कमी. त्या धुळीने खोकला, दमा, सीओपीडी वाढतात. सिलिका वाळू म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ. ती चाळणाऱ्याला, भरणाऱ्याला सिलिकोसिसचा धोका असतो. या आजारात फुफ्फुसात गाठी होतात, काम सोडल्यावरही तो वाढत राहतो, त्याच्यावर औषध नाही, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यता कित्येक पट वाढते. पुष्कळदा क्षयाची औषधं दोनदा-तीनदा दिली जातात आणि मूळ आजाराचं नाव कागदावर येतच नाही, कारण ‘काम काय करता?’ हे कोणी विचारलेलं नसतं. तुम्ही आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या: कुठलं काम, किती वर्षं.

उपाय आहे तो पाण्याचा. चाळण्यापूर्वी माल ओला करणं, कापणी ओली करणं, रस्त्यावर पाणी मारणं, यंत्राला झाकण, आणि वरून एन-९५ मास्क. पावसाळा सोडून आठ महिने पाण्याची टंचाई असते म्हणून हे टाळलं जातं. पण टँकरचा खर्च मालकाचा आहे, कामगाराच्या फुफ्फुसाचा नाही. घरी येण्याआधी कपडे बदला; घरी झटकलेल्या कपड्यांतली धूळ मुलांच्या नाकात जाते.

सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे आणि त्याची भरपाई मागता येते; आधी हे कारखाने अधिनियम, १९४८ आणि कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ खाली होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. अडतं ते पुराव्यापाशी. मुकादमाच्या तोंडी हिशोबावर काम करणाऱ्याकडे एकही कागद नसतो. म्हणून हजेरीच्या वहीचा फोटो, बँकेत जमा झालेली मजुरी, खाणीवरचे तारखेसह फोटो, जमेल ते ठेवा. दगड कापणं, फोडणं आणि त्याचा चुरा करणं ही कामं महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या यादीत आहेत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळाला तर नोंदणी करा.

प्रश्न: ग्रामपंचायतीत मृत्यूच्या नोंदी पाहिल्या तर दम्याने, सीओपीडीने कोणी गेलंच नाही असं दिसतं. बहुतेक ठिकाणी ‘वृद्धापकाळ’ नाहीतर ‘हृदयक्रिया बंद पडून’. असं का? (ग्रामपंचायत सदस्य, गुहागर तालुका)

फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. हृदयक्रिया बंद पडणं म्हणजेच मृत्यू, ते मृत्यूचं कारण नव्हे. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले फक्त साडेबावीस टक्के होते. जे घरी जातात, म्हणजे ज्यांना रुग्णालय लांब आणि महाग पडतं, तेच या नोंदीतून गळतात. मग आकड्यांत त्या तालुक्यात श्वसनाचा आजारच नसतो, आणि आकडाच नसल्यावर पंपांची मागणी तरी कशाच्या आधारावर करणार?

ब्रिटनमध्ये आरोग्यातल्या विषमतेवरच्या १९८० च्या ब्लॅक अहवालाने कामगार वर्गात श्वसनाच्या आजारांचे मृत्यू वरच्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे मांडलं. ते मांडता आलं, कारण तिथे मृत्यूच्या नोंदीत व्यवसायही लिहिला जात होता आणि कारणही. आपल्याही मृत्यू अहवालाच्या नमुना २ मध्ये मृताचा व्यवसाय, किती वर्षं धूम्रपान, किती वर्षं तंबाखू, असे रकाने आहेत. ते कोरे सोडू नका. ‘मजूर’ एवढ्यावर न थांबता ‘चिरेखाण मजूर’, ‘काजू कारखान्यात भाजणी’, ‘गिरणी कामगार (निवृत्त)’ असं लिहा. मुंबईच्या कापड गिरण्यांत कापूस मोकळा करण्याच्या, पिंजण्याच्या खात्यांत (कार्डिंग-ब्लोरूममध्ये) आयुष्य घालवून गावी आलेल्या चाकरमान्यांत कापसाच्या तंतूंनी होणारा बिसिनोसिस असू शकतो. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळायची, ही त्याची खूण. हा सगळा इतिहास दोन शब्दांत नोंदीत येतो.

घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडून नमुना ४अ (मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) भरून घ्या. सगळ्यात वरच्या ओळीत शेवटचं कारण, उदाहरणार्थ श्वसन निकामी होणं. त्याखाली ते ज्यामुळे झालं ते, म्हणजे न्यूमोनिया. आणि सर्वांत खाली मूळ आजार, सीओपीडी. हिशोबात धरली जाते ती खालची ओळ. नोंदणी २१ दिवसांत. जुने केसपेपर घरच्यांनी टाकू नयेत, डॉक्टरांना कारण लिहायला तेच उपयोगी पडतात.

प्रश्न: यजमान मुंबईला खोलीवर सात जणांत राहायचे. क्षय निघाला म्हणून गावी आलेत. वजन ३९ किलो. औषधं चालू आहेत. खाणं किती महत्त्वाचं? आणि बांगडा खाल्ला की तोंड लाल होऊन डोकं दुखतं, ते का? (एक वाचक, राजापूर)

खाणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, पण औषधाच्या बदली नाही. १९५०च्या दशकात मद्रासमधल्या चाचणीने दाखवलं की नियमित औषध घेतलं तर सॅनिटोरियमच्या सकस आहाराशिवाय, घरी राहूनही क्षय बरा होतो. ते खरंच आहे. पण त्यामुळे आहाराचा प्रश्न बरीच वर्षं मागे पडला. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णांना सहा महिने दर महिन्याला दहा किलोचा शिधा दिला: तांदूळ, डाळीचं पीठ, दूध पावडर, तेल. पाचांपैकी चार रुग्ण सुरुवातीलाच कमी वजनाचे होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. आणि ज्या घरांतल्या इतरांनाही शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं.

तुमच्या यजमानांसाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो. दोन महिन्यांत ४१ हा आकडा धरून दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. वाढलं नाही तर आशाताईंना लगेच सांगा. रोजच्या पेजभाताखेरीज ५० ग्रॅम कुळीथ, दोन अंडी, १०० ग्रॅम ताजी मासळी आणि मूठभर शेंगदाणे दिले की साधारण ५० ग्रॅम प्रथिनं होतात. मासळी महाग झाली तर सुकट-जवळा धुऊन, खारटपणा काढून वापरा. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत; पहिला निदान झाल्यावर, दुसरा ८४ दिवसांचं औषध पूर्ण झाल्यावर. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. ते आधी बघा. मुंबईत नोंद झाली असेल तर तोच निक्षय क्रमांक इथल्या आरोग्य केंद्रात द्या, म्हणजे नोंद इकडे वर्ग होते आणि एकही दिवस औषध चुकत नाही.

बांगड्याचं कारण औषधात आहे. क्षयाच्या गोळ्यांतलं आयसोनायझिड शरीरात हिस्टामिन मोडू देत नाही. बांगडा, कुपा या मासळीत ती बर्फाविना राहिली की हिस्टामिन वाढतं, आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून तोंड लाल होणं, डोकं दुखणं, छातीत धडधड. औषध बंद करू नका. होडीवरून उतरलेली ताजी मासळी चालेल, पण आधी डॉक्टरांशी बोला. उन्हात फिरलेल्या पाटीतला बांगडा, सुका बांगडा आणि कुपा औषध चालू असेपर्यंत टाळा. त्रास पुन्हा झाला तर लगेच दाखवा.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. आजार नसेल तरी प्रतिबंधक औषध मोफत मिळतं. खोलीवरच्या सहा जणांनाही मुंबईत तपासून घ्यायला कळवा. दाटीने राहावं लागणं हे त्यांच्या क्षयाचं एक कारण होतंच.

प्रश्न: वडिलांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलंय. वीजबिल आणि वादळात वीज जाणं, दोन्हीची भीती वाटते. (एक वाचक, दापोली)

भीती रास्त आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी आलं तेव्हा तुमच्या भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

आधी गरज नक्की करा. तब्येत स्थिर असताना, स्वस्थ बसलेल्या स्थितीत ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली, आणि तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तसाच आला, तर हे मशीन आयुष्य वाढवतं. १९८०–८१ मधल्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांनी ते दाखवलं, पण रोज किमान १५ तास लावलं तरच. अधूनमधून धाप लागली की तासभर लावायचं, यासाठी मशीन घेऊ नका. तो पैसा वाया जातो.

पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं. सोळा तासांचे रोज साडेपाच युनिट, महिन्याला १६५ ते १७०. घरचा वापर १०० युनिटांच्या आत असेल तर आता तो वरच्या टप्प्यात जाईल आणि तिथला दर जवळजवळ दुप्पट आहे. हे बिल न परवडून मशीन दिवसाचे चारच तास चालवलं जातं आणि रुग्ण खालावतो. म्हणून घेण्याआधी मशीनच्या किमतीबरोबर वर्षाच्या विजेचाही हिशोब मांडा आणि मुंबईच्या भावंडांकडून एकरकमी मदत घेण्याऐवजी महिन्याचं बिल वाटून घ्या.

१५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर मशीन तीन-साडेतीन तास चालेल, जास्त नाही. म्हणून सिलिंडर हवाच. दीड हजार लिटरचा लहान सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास, सात हजार लिटरचा मोठा अठ्ठावन्न तास. मोठा भरून ठेवा, रेग्युलेटर आणि पाना त्यालाच बांधून ठेवा, आणि दर महिन्याला दाब बघा. वीज दोन दिवसांत येण्याची चिन्हं नसतील तर सिलिंडर संपायची वाट न बघता, रस्ते बंद होण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात न्या.

प्रवाह डॉक्टरांनी सांगितला तेवढाच ठेवा. सीओपीडीत रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के पुरे. जास्त बरं वाटावं म्हणून प्रवाह वाढवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. मशीनची जाळी आठवड्याला धुवा, बाटलीतलं उकळून गार केलेलं पाणी रोज बदला. नळी लावलेली असताना दहा फुटांच्या आत चूल, बिडी, समई, उदबत्ती काहीही नको. देवघर शेजारी असेल तर वडिलांची खाट हलवा.

प्रश्न: तीन वर्षांच्या मुलीला सर्दी-खोकला वरचेवर होतो. न्यूमोनिया घरी ओळखता येतो का? (एक वाचक, मालवण)

येतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगातला कपडा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणी पीत नसेल किंवा सुस्त पडलं असेल तर थेट रुग्णालय, रात्र असली तरी. तापात मोजलं तर आकडा थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा, पण त्यासाठी तासन्‌तास थांबू नका.

न्यूमोकोकल लस खासगीत हजारोंच्या घरात जाते. सरकारी लसीकरणात ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना मोफत मिळते. राष्ट्रीय कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. तुमच्या मुलीच्या कार्डावर तिन्ही तारखा आहेत का ते बघा. नसतील तर कार्ड घेऊन उपकेंद्रातल्या परिचारिकेला विचारा. आणि पोरीला कडेवर घेऊन कोणी चुलीसमोर बसू नये.